पुराव्याची पेटी थरथरू नये

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीरसिंग सैनी विरुद्ध बलजितसिंग या प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी एक आदेश दिला. ठाण्यात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वाट, कोठडी, व्हरांडे, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागचे आवार, यांतला कोणताही भाग कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर राहू नये. चित्राबरोबर आवाजही नोंदला जावा. ही सगळी नोंद 18 महिने जपावी. बाजारात तेवढ्या क्षमतेचे यंत्र मिळत नसेल, तरी एक वर्षाच्या खाली येऊ नये. जिथे वीज किंवा इंटरनेट नाही तिथे सौर वा पवनऊर्जेसह मिळेल त्या मार्गाने सोय करण्याची जबाबदारी न्यायालयाने राज्यांवर टाकली. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, विंध्याच्या डोंगराळ भागात असलेल्या उदयनगरसारख्या तहसिलीच्या गावाला हा आदेश भोपाळ किंवा मुंबईइतकाच लागू आहे. किंबहुना अशा गावांनाच त्याची गरज अधिक आहे. पाड्यावरून ठाण्यात आणलेल्या माणसाजवळ वकील नसतो, वार्ताहर नसतो. त्याच्यासोबत काय घडले हे सांगणारी एकमेव त्रयस्थ साक्ष म्हणजे ती नोंद. ही साक्ष एका लोखंडी पेटीत, सतत फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर साठते. पेटीत किती टेराबाइट आहेत हे निविदेत विचारले जाते; त्या डिस्क पेटीत कशा बसवल्या आहेत, पेटी कशावर ठेवली आहे आणि तिथे कंप किती आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. माझे म्हणणे असे की हा प्रश्न तंत्रज्ञाच्या मर्जीवर सोडण्याइतका लहान नाही. साठवणुकीची जागा थरथरती असेल तर न्यायालयाचा आदेश कागदोपत्री पाळला जाईल आणि नेमक्या गरजेच्या दिवशी नोंद सापडणार नाही.

आधी साधा हिशेब मांडू. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला 2 मेगाबिट धरला तर त्याची दिवसाची नोंद 21.6 गिगाबाइट होते. आठ कॅमेऱ्यांच्या ठाण्यात ती दिवसाला सुमारे 173 गिगाबाइट, वर्षाला 63 टेराबाइट आणि 18 महिन्यांत 94 टेराबाइटांहून अधिक भरते. 8 टेराबाइटची एक डिस्क धरली तर वर्षासाठी आठ आणि दीड वर्षासाठी बारा डिस्क लागतात. दुकानातल्या कॅमेऱ्यांना पंधरा-वीस दिवसांची नोंद पुरते, म्हणून तिथे एका डिस्कवर भागते. ठाण्याचे तसे नाही. तिथे अनेक डिस्क एकाच पत्र्याच्या पेटीत, एकमेकींना खेटून, रात्रंदिवस फिरतात. न्यायालयाने मुदत वाढवली तेव्हा डिस्कची संख्या आपोआप वाढली आणि संख्येबरोबर प्रत्येक डिस्कचा कंप शेजारणीपर्यंत पोचण्याचा प्रश्नही आला. एका डिस्कला जी बसवणूक चालते ती आठ डिस्कला चालतेच असे नाही. हे डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनाही ठाऊक आहे. वेस्टर्न डिजिटलने आपली रेड प्लस मालिका आठ खणांपर्यंतच्या पेटीसाठी ठरवलेली आहे, त्याहून मोठ्या पेट्यांसाठी वेगळी मालिका ठेवली आहे. खणांची संख्या वाढली की डिस्कची प्रत बदलावी लागते, याचे मोठे कारण कंप हेच आहे.

कंपाने नेमके काय बिघडते, हे कळायला डिस्कच्या आतले माप पाहावे लागते. साडेतीन इंची डिस्कचे वजन साधारण 700 ग्रॅम. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. 7200 म्हणजे सेकंदाला 120. तबकडीच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून लिहिणारे-वाचणारे हेड जाते. आजच्या दाट डिस्कवर दोन शेजारच्या ट्रॅकमधले अंतर 50 नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत दीड हजार ट्रॅक मावतात. लिहिताना हेड आपल्या ट्रॅकच्या मध्यापासून साधारण दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त सरकले, तर डिस्क लिहिणे थांबवते, कारण तसेच लिहीत राहिले तर शेजारच्या ट्रॅकवरची जुनी नोंद खराब होईल. म्हणजे पाचेक नॅनोमीटरची सरक पुरे. मग ती जागा पुन्हा हेडखाली येईपर्यंत पूर्ण एक फेरा थांबावे लागते; 7200 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हा थांबा 8.3 मिलिसेकंदांचा. एक-दोन थांबे काहीच नाहीत. पण कंप सततचा असेल तर थांब्यांची रांग लागते. कॅमेरे मात्र थांबत नाहीत, ते चित्रे पाठवतच राहतात. रेकॉर्डरची तात्पुरती स्मृती भरते आणि त्यापुढची चित्रे टाकून दिली जातात. पाळतीच्या कामासाठी बनवलेल्या खास डिस्क तर अडलेल्या जागी फार वेळ घालवत नाहीत. प्रवाह तुटू नये म्हणून त्या पुढे सरकतात. त्यांच्या कामासाठी हे योग्यच आहे, पण त्यामुळे झालेले नुकसान अधिकच नजरेआड राहते. पडद्यावर दिसणारे थेट चित्र डिस्कवरून येत नाही, ते सरळ कॅमेऱ्यातून येते. म्हणून डिस्क अडखळत असली तरी ठाणेदाराच्या टेबलावरचा पडदा व्यवस्थित चालू दिसतो, आणि पाहणीला आलेला अधिकारी तोच पाहून 'कॅमेरे सुरू आहेत' असा शेरा लिहितो. नोंद मागितली जाते तेव्हाच तिच्यातली खिंडारे उघडी पडतात.

हा धोका कल्पनेतला नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतले अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी 2008 च्या अखेरीस चालू डिस्कच्या रांगेसमोर उभे राहून नुसते ओरडून दाखवले; त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद किती लांबला हे मोजणीच्या आलेखावर स्पष्ट उमटले. सप्टेंबर 2016 मध्ये आयएनजी बँकेच्या बुखारेस्टमधल्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली गेली. वायू नळ्यांतून सुटताना 130 डेसिबलांहून मोठा आवाज झाला, त्या हादऱ्याने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची कार्डे व इतर सेवा सुमारे दहा तास बंद राहिल्या. एप्रिल 2018 मध्ये स्वीडनमधल्या एका डेटा सेंटरमध्ये असाच वायू सुटला आणि नॅसडॅकच्या उत्तर युरोपातल्या शेअर बाजारांचे कामकाज त्या दिवशी वेळेवर सुरू होऊ शकले नाही. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठ आणि चीनमधले झेजियांग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ध्वनीने हार्ड डिस्क कशी अडवता येते याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत पाळतीच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही होता, आणि ठरावीक सुराच्या आवाजाने त्याची नोंद बंद पाडता आली. बुखारेस्टची बँक आणि उदयनगरचे ठाणे यांच्यात साधनसंपत्तीचे अंतर प्रचंड आहे. पण डिस्कच्या आतले पाच नॅनोमीटर दोन्हीकडे तेच आहेत. बँकेला तज्ज्ञ परवडतात, पर्यायी केंद्र परवडते. ठाण्यात एकच पेटी असते, म्हणून तिची बसवणूक जास्त काटेकोर हवी.

आता उपायाकडे वळू. 'रबर लावा' हा सर्वांत प्रचलित उपाय आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. संगणकाचा आवाज कमी व्हावा म्हणून डिस्क रबरी बुशांवर बसवण्याची, अगदी इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगून ठेवण्याचीही पद्धत हौशी लोकांत आहे. घरातल्या एका डिस्कची गुणगुण त्याने खरेच थांबते, कारण डिस्कचा कंप पत्र्यापर्यंत पोचत नाही. पण इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. डिस्कमधून बाहेर जाणारा कंप हा एक प्रश्न आहे. बाहेरून डिस्कमध्ये येणारा आणि डिस्कला स्वतःलाच हलवणारा कंप हा दुसरा. हेड धरणारा दांडा एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर झटक्यात वळतो तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे डिस्कचे सगळे अंग उलट दिशेने किंचित वळते. होडीतून काठावर उडी मारणाऱ्याच्या पायाखालची होडी मागे सरकते, तसेच. डिस्क जड चौकटीला घट्ट आवळलेली असेल तर ही उलटी वळणूक चौकटीच्या वजनात जिरून जाते. ती मऊ आधारावर लोंबती असेल तर वळणूक वाढते, हेडला नव्या ट्रॅकवर स्थिरावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात चुकीची शक्यता वाढते. म्हणूनच डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मार्गदर्शिकांत घट्ट, सर्व ठरलेल्या भोकांतून स्क्रू लावलेली बसवणूक सांगतात. तेव्हा पाळतीच्या पेटीसाठी नियम असा असावा: डिस्क चौकटीला घट्ट, चौकट जड, आणि मऊपणा द्यायचा तो डिस्कखाली न देता सबंध पेटीखाली. दहा किलोंची पेटी एकसंध राहिली तर एका डिस्कची वळणूक तिला फारशी हलवू शकत नाही आणि भिंतीतून वा टेबलातून येणारा कंप पेटीच्या पायांतच अडतो.

पेटीखालचे रबरही अंदाजाने लावून भागत नाही. प्रत्येक मऊ आधाराची आपली एक स्वाभाविक वारंवारिता असते. बाहेरचा कंप तिच्या सुमारे 1.4 पटींहून वेगवान असेल तरच आधार त्याला अडवतो. त्याहून संथ असेल तर आधार असूनही उपयोग नाही, आणि दोन्ही जुळले तर कंप वाढतो. ढोबळ हिशेबाने, पेटीच्या वजनाने रबर 0.4 मिलिमीटर दबले तर त्याची स्वाभाविक वारंवारिता सेकंदाला 25 येते. पंख्याच्या कंपासाठी हे रबर उत्तम आहे: मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या सात पात्यांच्या पंख्याचा कंप सेकंदाला 350 इतका असतो, तो रबरात अडतो. पण मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या डिझेल जनरेटरचा कंप सेकंदाला नेमका 25 असतो. त्याच रबरावरची पेटी जनरेटरच्या खोलीला लागून ठेवली तर ती कमी हलण्याऐवजी जास्त हलेल. असा संथ कंप डिस्कचे हेड बऱ्याच अंशी सावरून घेते, हे खरे. पण त्याने स्क्रू आणि केबलींचे जोड हळूहळू सैल होतात आणि मग वेगवान कंपाला वाट मिळते. इथे रबर 1.7 मिलिमीटर दबेल इतके मऊ घ्यावे लागते, म्हणजे वारंवारिता बारावर येते, किंवा जनरेटरचा चौथरा इमारतीपासून सुटा करावा लागतो. हे गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पलीकडचे नाही. ते करण्याची सक्ती कुणावर नाही, एवढीच अडचण आहे.

उदयनगरसारख्या गावातली परिस्थिती लक्षात घेतली की ही सक्ती का हवी ते पटते. माळव्याच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवायला कूलर लागतो आणि त्याचा पंखा खिडकीच्या त्याच चौकटीला जोडलेला असतो जिच्या शेजारी रेकॉर्डरचे कपाट असते. वीज गेली की जनरेटर किंवा इन्व्हर्टर सुरू होतो. 50 हर्ट्झ विजेवरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सेकंदाला 100 वेळांची असते आणि इन्व्हर्टर-रेकॉर्डर एकाच फळीवर ठेवले तर ती थेट पेटीत उतरते. रस्त्यालगतच्या इमारतीला जड ट्रकचे हादरे बसतात. गणपतीच्या, लग्नाच्या आणि विजयाच्या मिरवणुकांत ठाण्यासमोरून डीजेच्या भिंती जातात. ध्वनी हाही कंपच आहे, आणि गर्दीच्या अशा रात्रीच ठाण्यातली नोंद सर्वांत मोलाची असते. जागेच्या टंचाईमुळे पेटी लोखंडी कपाटावर, पातळ फळीवर किंवा दरवाजाजवळच्या पोकळ पार्टिशनवर बसवली तर दर वेळी दार आपटताना तिला धक्का मिळतो. यातले एकेक कारण लहान आहे. ही सगळी एकाच जागी वर्षभर चालू राहतात, आणि डिस्कला त्यातून एका क्षणाचीही सुटी नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की डिस्क एवढ्या नाजूक असत्या तर जगभर चालल्या नसत्या. कंपन्या तर त्यांना चालू असताना गुरुत्वाच्या सुमारे 70 पट आणि बंद असताना 250 पट धक्का सोसतो असे छापतात. हे आकडे खरे आहेत, पण ते दोन मिलिसेकंदांच्या एकाच धक्क्याचे आहेत आणि डिस्क त्यानंतर शाबूत राहते एवढेच सांगतात. धक्क्याच्या त्या क्षणी डिस्क अचूक लिहीत होती असे ते सांगत नाहीत. सततच्या कंपाची मर्यादा त्याच तक्त्यात वेगळ्या ओळीत असते आणि ती फार लहान असते. फिरत्या कंपाची, म्हणजे डिस्कला गोल वळवणाऱ्या कंपाची, मर्यादा आणखी वेगळी असते. चढ्या प्रतीच्या डिस्कमध्ये तो ओळखून हेडची चाल सुधारणारे संवेदक बसवलेले असतात. टेबलावरच्या संगणकासाठी बनवलेल्या स्वस्त डिस्कमध्ये ते नसतात. कंपन्यांनी या संवेदकांवर खर्च केला, याचाच अर्थ प्रश्न खरा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डिस्क बिघडण्याची कारणे अनेक आहेत, वीज, धूळ, उष्णता, वय यांच्यापुढे कंपाचा वाटा किती, हे कोणी सिद्ध केले? 2007 मध्ये यावर दोन मोठे अभ्यास एकाच परिषदेत मांडले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासात असे आढळले की कंपन्यांच्या आकड्यांवरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के, काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागल्या. गुगलच्या अभ्यासात एक लाखाहून अधिक डिस्क होत्या. त्यात उष्णतेचा परिणाम समजुतीपेक्षा कमी दिसला, आणि पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता 39 पट वाढते असे निघाले. कंपाचा वाटा हा या अभ्यासांचा विषय नव्हता, म्हणून त्यांच्या आधारे मी तो किती टक्के आहे असे सांगणार नाही. पण त्यांतून दोन गोष्टी ठरतात. एक, प्रत्यक्ष वापरात असलेल्या यंत्राची तब्येत प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून ठरवता येत नाही, ती जागेवर मोजावी लागते. दोन, डिस्क आपल्या आजाराची पूर्वसूचना स्वतः देत असते. चुकांची मोजणी तिच्या आतच साठते आणि ती वाचायला वेगळे उपकरण लागत नाही. शिवाय माझा मुद्दा फक्त डिस्क मरण्याचा नाही. डिस्क जिवंत असताना नोंदीत खिंडार पडते, हे नुकसान मेलेल्या डिस्कच्या आकडेवारीत कधीच मोजले जात नाही. उष्णता आणि वीज यांची काळजी घ्यायलाच हवी. पण त्यांची तरतूद निविदांत असते, पंखे आणि यूपीएस मागवले जातात. चार स्क्रूंची तरतूद नसते, आणि पंखे वाढवले की कंप वाढतो, म्हणून एका उपायाने दुसरा प्रश्न उभा राहतो.

तिसरा आक्षेप असा की थोड्याच वर्षांत सगळे एसएसडीवर जाईल, तिच्यात फिरणारे काहीच नाही, मग या चर्चेला अर्थ काय? एका माणसाच्या लॅपटॉपपुरते हे खरे झालेही आहे. पण 63 ते 94 टेराबाइट इतकी साठवण प्रत्येक ठाण्यात एसएसडीवर करणे सरकारी खरेदीला परवडणारे नाही; एका टेराबाइटमागे फिरती डिस्क अजूनही पुष्कळ स्वस्त आहे, म्हणून मोठ्या साठवणुकीत तीच टिकून आहे. 'क्लाउड'चे उत्तरही इथे अपुरे पडते. आठ कॅमेऱ्यांचा प्रवाह सेकंदाला 16 मेगाबिट इतका, दिवसाचे चोवीस तास, न तुटता वर चढवावा लागेल. डोंगराळ तहसिलीत ते शक्य झाले तरी जोडणी तुटते त्या वेळची नोंद स्थानिक पेटीतच राहणार. आणि दूरच्या केंद्रातही ती शेवटी फिरत्या डिस्कवरच साठते. तिथे मात्र डिस्क नीट बसवलेली असते. उद्या तंत्रज्ञान बदलेल म्हणून आजचा पुरावा निसटू द्यायचा, हे न्यायाच्या कामात चालणार नाही.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे आणि तो मला सर्वांत जास्त मान्य आहे. कॅमेरे मुद्दाम बंद ठेवले जातात, नोंद 'सापडत नाही' असे सांगितले जाते; तिथे स्क्रू आवळून काय होणार? ठाण्यांतले कॅमेरे चालू नसल्याच्या प्रश्नाची दखल सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये स्वतःहून पुन्हा घ्यावी लागली, यावरून या शंकेत तथ्य आहे हे उघड आहे. पण याच कारणाने बसवणुकीचा आग्रह धरायला हवा. डिस्क बिघडली, हे उत्तर आज कोणीही देऊ शकतो आणि ते खोटे ठरवण्याचे साधन कोणाजवळ नाही, कारण डिस्क कशी बसवली होती, तिच्यात चुका कधीपासून वाढत होत्या, कोणी तपासले होते, याची कसलीच नोंद नसते. बसवणुकीचा दर्जा ठरला, दर महिन्याची चुकांची मोजणी कागदावर आली, की तांत्रिक बिघाड आणि जाणूनबुजून केलेला बिघाड यांत फरक करता येईल. प्रामाणिक ठाणेदारालाही त्याचे संरक्षण मिळेल. यंत्रणा चालू ठेवण्याची, नोंद जपण्याची आणि बिघाड दूर करण्याची जबाबदारी 2020 च्या आदेशाने ठाणेदारावरच टाकली आहे. ती पार पाडायची साधने आणि मोजमापे त्याला देणे हे सरकारचे काम आहे.

हे जमण्यासारखे आहे, आणि धार-देवास या पट्ट्यात तर विशेष. देवासमध्ये गॅब्रिएल इंडियाचा शॉक अॅब्सॉर्बरचा कारखाना आहे. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला वाहनांच्या चाचण्यांचे नॅट्रॅक्स हे राष्ट्रीय केंद्र आहे, तिथला 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग 29 जून 2021 रोजी प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. पुण्यात एआरएआय ही संस्था 1966 पासून हेच काम करते आहे. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला हादरा किती बसावा हे मोजणारे, त्यासाठी रबर आणि स्प्रिंग निवडणारे, शेकडो कुशल लोक या भागात राहतात. एका प्रातिनिधिक ठाण्यातली पेटी घेऊन तिच्यावरचा कंप मोजणे आणि त्यावरून बसवणुकीचा एक पानी नमुना ठरवणे हे त्यांच्यासाठी अवघड नाही. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रकल्प म्हणून देता येईल. मोजणारे जवळच असताना मोजणी होत नाही, याचे कारण ती कोणी मागितलेलीच नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. साठवणुकीच्या प्रत्येक निविदेत चार अटी घालाव्यात. पहिली, डिस्क पाळतीच्या कामासाठी आणि पेटीतल्या खणांच्या संख्येसाठी कंपनीने ठरवलेल्या प्रतीचीच असावी. अनेक खणांच्या पेटीत टेबलावरच्या संगणकाची डिस्क चालणार नाही. दुसरी, प्रत्येक डिस्क योग्य मापाच्या चारही स्क्रूंनी, ठरलेल्या ताकदीने आवळलेली असावी. दोन स्क्रूंवरही डिस्क चालू होते, म्हणूनच ही अट लिहून घ्यावी लागते. आणि साडेतीन इंची व अडीच इंची डिस्कच्या स्क्रूंचे आटे वेगळे असल्याने हाती येईल तो स्क्रू फिरवून आटे खराब केले जाऊ नयेत. तिसरी, पेटी पक्क्या भिंतीवर किंवा जमिनीवरच्या जड चौकटीत, मोजून निवडलेल्या रबरी पायांवर असावी. कूलर, इन्व्हर्टर, जनरेटर आणि दार यांच्याशी तिचा आधार सामाईक नसावा, आणि कडक झालेले रबर वार्षिक देखभाल करारात बदलले जावे. चौथी, देयक अदा करण्याआधी चाचणी व्हावी: जनरेटर आणि कूलर चालू ठेवून चोवीस तासांची नोंद घ्यावी, ती परत काढून पाहावी आणि तुटलेली मिनिटे मोजावीत. थेट चित्र पाहून कोणतेही देयक मंजूर होऊ नये. यातला जास्तीचा खर्च स्क्रू, रबर आणि एका दिवसाचे काम एवढाच आहे.

या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचा अधिकार आधीच अस्तित्वात आहे. 2020 च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा पंचायतीचा प्रमुख असतो. म्हणजे उदयनगरच्या मतदाराने निवडून दिलेला प्रतिनिधी या टेबलावर बसू शकतो. त्याने पुढच्या बैठकीत प्रत्येक ठाण्याच्या डिस्कच्या चुकांची मोजणी आणि परत काढून पाहिलेल्या नोंदीचा अहवाल मागावा. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या अध्यक्षांनीही तेच करावे, कारण आदेश देशभर एकच आहे. वाचकांना 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली एक साधा अर्ज करता येतो: आमच्या ठाण्यातल्या रेकॉर्डरमध्ये डिस्क कोणत्या प्रतीची आहे, आणि गेल्या वर्षभरात नोंद परत काढून कधी तपासली? समितीत बसलेल्या प्रतिनिधीला आणि ठाण्याच्या अधिकाऱ्याला हा प्रश्न नियमाने विचारला जाऊ लागला, तर पुढच्या वेळी पेटी बसवणारा चौथा स्क्रू विसरणार नाही.